दुखऱ्या गुडघ्यांसाठी हलकी स्की आणि बाइंडिंग: पायरी-पायरीने निवड

गुडघा कुरकुरू लागलेल्या स्कीअरला पहिला सल्ला मिळतो तो "हलकी स्की घ्या" असा, आणि तो अर्धाच बरोबर आहे. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना जोर आला की सोडणारी यंत्रणा) आणि बूट मिळून पायाला जे ओझे लटकते ते कमी झाले की गुडघ्याला आराम मिळतो, यात शंका नाही. मात्र वजन स्कीच्या कोणत्या भागातून काढले, ते काढताना बाइंडिंगच्या सुटण्याच्या यंत्रणेशी तडजोड झाली का, आणि कडक बर्फावर ती स्की थरथरते का, हे प्रश्न वजनकाट्यावरच्या आकड्यापेक्षा मोठे आहेत. पुढील विवेचन मुख्यतः लिफ्टने वर जाऊन तयार केलेल्या उतारांवर स्कीइंग करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. स्वतःच्या पायांनी चढून जाणाऱ्यांचा विचार बाइंडिंगच्या भागात केला आहे.

पायरी १: गुडघ्याची तक्रार नेमकी ओळखणे

"गुडघा दुखतो" एवढ्या माहितीवर स्की निवडता येत नाही, कारण वेगवेगळ्या तक्रारींना वेगवेगळी, प्रसंगी परस्परविरोधी सामग्री लागते.

दुखणे वाटीच्या मागे असेल, आणि जिना उतरताना किंवा बराच वेळ गुडघे वाकवून बसल्यावर ते वाढत असेल, तर त्रासाचे मूळ बहुधा सतत खोल वाकून उभे राहण्यात असते. अशा वेळी बूट नडगीला किती पुढे झुकवतो आणि बाइंडिंगवर टाच पंजापेक्षा किती उंच राहते, याला स्कीच्या वजनापेक्षा जास्त महत्त्व येते. सांध्याची झीज झालेली असेल तर खरा त्रास थरथरीचा आणि बारीक-बारीक धक्क्यांचा असतो. अशा व्यक्तीने अतिहलकी स्की घेतली तर वजनात जे मिळवले ते कंपनात गमावले, असे होते. गुडघ्यातील गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा झालेली असेल तर पायावर भार असताना बसणारा पीळ टाळायचा असतो, आणि त्यासाठी स्कीची कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी व कडांची धार यांकडे आधी पाहावे लागते. एसीएल हे गुडघ्याच्या आतले, हाडांना जोडणारे लिगामेंट फाटलेले किंवा शस्त्रक्रियेने पुन्हा बसवलेले असेल, तर बाइंडिंग आणि स्कीचे मागचे टोक हे दोन विषय सर्वांत पुढे येतात.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले साधारण नऊ महिने तरी गुडघ्याला पीळ बसणाऱ्या खेळांकडे परतू नये, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. तरीही केवळ महिने मोजून भागत नाही; दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरच्या उडीतील फरक फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावा लागतो. कृत्रिम सांधा बसवलेल्यांनी तर स्कीइंग करावे की नाही, आणि कोणत्या उतारांवर करावे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. कोणतीही स्की किंवा बाइंडिंग या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

पायरी २: वजन कुठे आहे ते पाहणे

उतारांसाठीच्या नेहमीच्या स्कीचे वजन, सुमारे १७० सेंटिमीटर लांबीला, प्रत्येकी १७०० ते २२०० ग्रॅमच्या आसपास असते. हलक्या सर्वोपयोगी स्की १४०० ते १७०० ग्रॅममध्ये येतात, तर चढाईसाठीच्या टूरिंग स्की १००० ते १४०० ग्रॅममध्ये. माहितीपत्रकातील आकडा एका स्कीचा आहे की जोडीचा, आणि कोणत्या लांबीचा आहे, हे आधी पाहावे. कंपन्या दोन्ही पद्धतींनी वजन छापतात आणि घाईत वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. सामान तोलण्याचा छोटा हातकाटा सोबत नेला तर हा प्रश्न दुकानातच मिटतो.

आता एका पायाचा हिशेब मांडू. १९०० ग्रॅमची स्की, प्लेटसह १२०० ग्रॅमचे बाइंडिंग आणि १९०० ग्रॅमचा बूट मिळून ५ किलो होतात. त्याऐवजी १४५० ग्रॅमची स्की, ९०० ग्रॅमचे बाइंडिंग आणि १६०० ग्रॅमचा बूट घेतला तर हेच ओझे ३९५० ग्रॅमवर येते. एका पायामागे किलोभराची ही बचत घसरताना फारशी जाणवत नाही, कारण तेव्हा स्की बर्फावर टेकलेली असते. ती जाणवते खुर्चीच्या लिफ्टवर, जिथे पाय अधांतरी लोंबकळतात आणि सारे ओझे गुडघ्याच्या सांध्याला खाली ओढत राहते. पाय टेकवायची दांडी नसलेल्या लिफ्टवर दहा मिनिटे बसल्यावर गुडघा आखडत असेल, तर वजन कमी करण्याचा फायदा सर्वांत आधी तिथेच मिळेल.

एकूण वजनाइतकेच महत्त्व वजनाच्या जागेला आहे. स्की वळवताना ती बुटाखालच्या मध्यबिंदूभोवती फिरते, आणि फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यापासून ८० सेंटिमीटरवर, म्हणजे टोकाजवळ, असलेले १०० ग्रॅम हे १० सेंटिमीटरवर असलेल्या १०० ग्रॅमच्या चौसष्ट पट जड "वाटतात". हा जडपणा वळणाच्या सुरुवातीला पीळ म्हणून गुडघ्यातून जातो. म्हणूनच १७०० ग्रॅमची पण टोकांना हलकी असलेली स्की, वजन सर्वत्र सारखे पसरलेल्या १५५० ग्रॅमच्या स्कीपेक्षा गुडघ्याला सोपी जाऊ शकते. तपासायची पद्धत साधी आहे: स्की बाइंडिंगच्या जागी एका हातात आडवी धरावी, मनगटाने डावीकडे-उजवीकडे झटपट फिरवावी, आणि फिरणे सुरू करताना व थांबवताना हाताला किती जोर लागतो ते पाहावे. दोन स्की लागोपाठ अशा फिरवून पाहिल्या की फरक चटकन कळतो.

हलकेपणाची किंमतही असते. जड स्की कंपन शोषून घेते आणि दुपारी उखडलेल्या, ढेकळे झालेल्या बर्फातून सरळ वाट काढते. फार हलकी स्की प्रत्येक ढेकळावर दिशा बदलते आणि ती सावरण्याचे काम पायांवर पडते. केवळ कार्बनच्या जोरावर हलक्या केलेल्या स्की बऱ्याचदा कडक असतात आणि कंपन शोषत नाहीत, आणि त्यांची थरथर थेट नडगीतून वर येते. पौलोनियासारख्या हलक्या लाकडाच्या गाभ्यात पोप्लर किंवा बीच यांच्या पट्ट्या मिसळलेल्या असतील, किंवा पायाखाली टिटानल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा अरुंद थर असेल, तर हलकेपणा आणि शांतपणा यांचा मेळ बरा बसतो. माझ्या मते उतारांवरच राहणाऱ्या व्यक्तीने १४०० ग्रॅमच्या खाली जाण्याचे कारण नाही, आणि सांध्याची झीज असलेल्याने तर १५०० ते १७०० ग्रॅमच्या पट्ट्यातच शोध घ्यावा.

पायरी ३: बूट आधी

बूट हा या लेखाचा विषय नसला तरी क्रमात तो पहिला आहे. सैल बुटात पाऊल हलते, आणि मग स्की वळवण्यासाठी गुडघ्याने जास्तीचा पीळ द्यावा लागतो. बुटाची कॉलर फार पुढे झुकलेली असेल तर मांडीचे स्नायू लवकर थकतात आणि वाटीवरचा दाब वाढतो. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील किंवा गुडघे एकमेकांना घासत असतील, तर बूट बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून कॉलरचा कोन आणि तळाचा कल जुळवून घ्यावा. हे न करता नवी स्की घेतली, तर जुनेच दुखणे नव्या स्कीवर चालू राहते.

तळव्याचा प्रकारही आत्ताच लिहून ठेवावा, कारण बाइंडिंग त्याच्याशी जुळावे लागते. जुना सपाट अल्पाइन तळ आयएसओ ५३५५ या मानकाचा, चालायला सोपा ग्रिपवॉक तळ आयएसओ २३२२३ चा आणि टूरिंग बुटाचा तळ आयएसओ ९५२३ चा असतो. न जुळणारा तळ बाइंडिंगमध्ये बसला म्हणून तो नीट सुटेलच असे नाही.

पायरी ४: बाइंडिंगची निवड

गुडघ्याच्या दृष्टीने सर्वाधिक वेळ द्यायचा तो इथे. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. नेहमीचे अल्पाइन बाइंडिंग दोन दिशांना सुटते: पंजाकडे आडव्या पिळाला, आणि टाचेकडे पुढे पडताना वर. ही रचना नडगीचे हाड वाचवण्याच्या हिशेबाने विकसित झाली, आणि त्या कामात तिला मोठे यश आले; गेल्या काही दशकांत स्कीअरांच्या नडगीचे अस्थिभंग खूपच कमी झाले. गुडघ्याच्या लिगामेंटांबाबत तसे घडले नाही, कारण एसीएल फाटण्याच्या अनेक प्रसंगांत बाइंडिंगला सुटण्याइतका जोर त्याच्या ठरलेल्या दिशांना जाणवतच नाही.

अमेरिकेतील व्हरमाँटच्या संशोधकांनी अशा पडण्याचे जे वर्णन केले, ते "फँटम फूट" या नावाने ओळखले जाते. स्कीअर मागे कलतो, नितंब गुडघ्यांच्या खाली जातात, वरच्या बाजूची स्की भारमुक्त होते, आणि सारे वजन खालच्या स्कीच्या मागच्या टोकाच्या आतल्या कडेवर येते. ते टोक मग तरफेसारखे काम करते आणि वाकलेला गुडघा आत पिळला जातो. या पिळाचे केंद्र टाचेच्या मागे असल्यामुळे पंजाकडच्या यंत्रणेपर्यंत जोर पुरेसा पोहोचत नाही. अशा स्थितीत सापडल्यावर पाय ताठ करू नयेत आणि घसरत असतानाच उठण्याचा प्रयत्न करू नये. हात पुढे आणून घसरणे थांबेपर्यंत वाट पाहावी.

ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने टाचेकडूनही आडवे सुटणारी बाइंडिंग्ज बनली आहेत. व्हरमाँटमधील नीबाइंडिंग आणि टायरोलियाचे प्रोटेक्टर ही त्यांतली ठळक नावे. एसीएलची इजा आधी झालेली असेल तर या प्रकाराचा विचार जरूर करावा. तो जोखीम शून्यावर आणत नाही, आणि वजनात तो सर्वांत हलक्या पर्यायांपैकी नाही. तरीही वाढलेले दीड-दोनशे ग्रॅम पायाखाली, म्हणजे फिरण्याच्या अक्षाजवळ असतात. ते टोकांवरून कमी करून भरून काढता येतात. लिगामेंटचा प्रश्न असेल तर मी हा सौदा करेन, वाटीचे दुखणे असेल तर करणार नाही.

वजन कमी करण्याचा सर्वांत सोपा आणि निर्धोक मार्ग म्हणजे आपल्याला लागणाऱ्या सेटिंगपेक्षा (किती जोराला बाइंडिंग सुटेल ते दाखवणारा आकडा, पाहा पायरी ५) मोठे बाइंडिंग न घेणे. कमाल आकडा १० किंवा ११ असलेली बाइंडिंग्ज १३ किंवा त्याहून मोठ्या पल्ल्याच्या बाइंडिंग्जपेक्षा सहसा हलकी असतात, कारण स्प्रिंग आणि घर दोन्ही लहान असतात. ज्याचे सेटिंग ५ च्या आसपास येते त्याने ३ ते १० किंवा ११ असा पल्ला पाहावा. ५ ते १३ पल्ल्याचे बाइंडिंग घेतले तर आपण पल्ल्याच्या अगदी तळाला राहतो, आणि वजन उतरले किंवा वय वाढले तर आणखी खाली यायला जागा उरत नाही.

रेलवर, म्हणजे स्कीवर घट्ट केलेल्या प्लेटवर, बसणारी, पुढे-मागे सरकवता येणारी सिस्टिम बाइंडिंग्ज भाड्याच्या दुकानांना सोयीची असतात. प्लेटमुळे ती जड होतात आणि उभे राहण्याची, म्हणजे स्कीच्या तळापासून बुटाच्या तळापर्यंतची, उंचीही वाढवतात. उंची वाढली की स्की कडेवर आणणे सोपे होते, पण तितकाच मोठा जोर परत गुडघ्याकडे येतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्पर्धांसाठी प्रौढांची ही उंची ५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आहे, यावरून विषयाचे गांभीर्य कळते. मनोरंजनासाठी स्कीइंग करणाऱ्याला सपाट स्कीवर थेट स्क्रूने बसवलेले बाइंडिंग बहुधा पुरते.

टाच आणि पंजा यांच्या उंचीतील फरक माहितीपत्रकात ठळकपणे दिलेला असतोच असे नाही, पण तो विचारावा. अल्पाइन बाइंडिंग्जमध्ये तो सहसा काही मिलिमीटरच असतो. काही पिन बाइंडिंग्जमध्ये १० मिलिमीटरहून जास्त जातो. टाच जितकी उंच, तितका गुडघा पुढे ढकलला जातो. वाटीचे दुखणे असलेल्याने हा फरक कमीत कमी ठेवावा. जास्त असल्यास निर्मात्याने मान्य केलेली पाचर पंजाखाली घालून तो कमी करता येतो.

आता पिन बाइंडिंगविषयी. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. बुटाच्या पंजाला दोन बाजूंनी टोकदार पिना धरतात आणि टाच मोकळी राहते. वजन २५० ते ६०० ग्रॅम, म्हणजे बऱ्याचदा अल्पाइन बाइंडिंगच्या निम्म्याहूनही कमी. हा आकडा पाहून केवळ लिफ्टवर स्कीइंग करणाऱ्या, गुडघा दुखणाऱ्या व्यक्तीला मोह होतो, आणि तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन. यांतील बहुतेकांमध्ये आडवे सुटणे टाचेकडून होते, आणि अल्पाइन पंजात असतो तितका लवचीक प्रवास, म्हणजे छोटा धक्का बसल्यावर थोडे सरकून पुन्हा जागेवर येण्याची मुभा, त्यांत नसते. ही मुभा कमी असली की बाइंडिंग नको तेव्हा सुटते. मग माणूस सेटिंग वाढवतो, आणि हवे तेव्हा ते सुटत नाही. शिवाय चढताना पंजाची खटकी कुलूपबंद केलेली असते. उतरताना ती तशीच राहिली तर बाइंडिंग सुटण्याची शाश्वतीच राहत नाही.

ज्यांना खरोखर चढाई करायची आहे त्यांनी आयएसओ १३९९२ या टूरिंग मानकाचे प्रमाणपत्र असलेलेच बाइंडिंग घ्यावे. फ्रिट्शीच्या टेक्टॉनमध्ये पिना असूनही आडवे सुटणे पंजाकडून होते आणि टाच अल्पाइन पद्धतीची असते. सालोमॉन व ॲटॉमिक यांचे २०१८ मध्ये आलेले शिफ्ट चढताना पिनांवर आणि उतरताना पूर्ण अल्पाइन पंजावर चालते. त्याचे वजन ९०० ग्रॅमच्या जरासे खाली आहे. दिवसाला हजार मीटर चढणाऱ्याला हे जड वाटेल. गुडघा सांभाळत तासाभराची चढाई करणाऱ्याला वाटणार नाही.

पायरी ५: सुटण्याचे सेटिंग

बाइंडिंगवरच्या खिडकीतला आकडा, ज्याला बोलताना सारे डिन म्हणतात, अंदाजाने ठरवायचा नसतो. आयएसओ ११०८८ मधील तक्त्यानुसार तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधील लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून निघतो. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळींत येत असतील तर कमी सेटिंग देणारी ओळ धरतात. शैलीचे तीन मुख्य प्रकार आहेत: सावकाश व सौम्य उतारांवर स्कीइंग करणारा पहिला, मधला दुसरा, आणि वेगाने व तीव्र उतारांवर जाणारा तिसरा. दुसऱ्या प्रकारासाठी एक ओळ आणि तिसऱ्यासाठी दोन ओळी खाली, म्हणजे जास्त सेटिंगकडे जायचे असते. वय ५० किंवा अधिक असेल तर एक ओळ वर.

७२ किलो वजनाच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या, ५४ वर्षांच्या आणि दुसऱ्या प्रकारच्या स्कीअरचे उदाहरण घेऊ. वजन आणि उंची दोन्ही "के" या ओळीत येतात. शैलीमुळे तो "एल" ओळीवर उतरतो आणि वयामुळे परत "के" वर येतो. मग त्या ओळीत तळव्याच्या लांबीचा रकाना पाहायचा. तळ जितका लांब, तितका आकडा कमी. बुटाचा तळ ३०५ मिलिमीटर असेल तर २९१ ते ३१० हा रकाना लागू होतो.

गुडघा दुखावलेल्या व्यक्तीने स्वतःला पहिल्या प्रकारात घालावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. त्याहूनही कमी सेटिंग हवे असेल तर पहिल्याच्या खालचा, उणे चिन्हाचा प्रकार मागता येतो आणि तो अधिकृत आहे. मात्र घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आकडा मनाने उतरवू नये. फार कमी सेटिंगवर स्की वळणाच्या मध्येच निसटते, आणि तशा पडण्यात दुसऱ्या गुडघ्याची पाळी येते.

खिडकीतला आकडा हे केवळ दर्शक आहे. खरे सुटणे किती जोराला होते ते चाचणी यंत्रावर मोजले जाते, त्यात तुमचा स्वतःचा बूट बसवलेला असावा लागतो. बाइंडिंग नवे असले तरी ही चाचणी मागावी आणि मोजलेल्या आकड्यांचा कागद घ्यावा. त्याच वेळी बूट बसवून टाचेचा पुढे ढकलणारा दाब दर्शकाच्या खुणेत आहे का, आणि पंजाखालची घसरपट्टी स्वच्छ व अखंड आहे का, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. त्या पट्टीवर खोल ओरखडा असेल किंवा बुटाचा तळ वाहनतळावर चालून झिजलेला असेल, तर आकडा बरोबर असूनही पंजा अडखळत सुटतो.

पायरी ६: स्कीचा आकार

रुंदीपासून सुरुवात करावी. अल्पाइन बुटाचा तळ पंजाकडे सुमारे ६९ मिलिमीटर रुंद असतो. स्की त्याहून बरीच रुंद असेल तर कडक बर्फावर कडेवर उभे राहताना आधाराचा बिंदू पायाच्या बाहेर सरकतो, आणि स्की पुन्हा सपाट होऊ पाहते. तिला तिरपी धरून ठेवण्याचे काम घोटा बुटात बंद असल्यामुळे गुडघ्याकडे येते, वळणागणिक. मऊ बर्फात स्की पूर्ण रुंदीवर टेकते, म्हणून हा त्रास जाणवत नाही. तयार केलेल्या कडक उतारांवर ६८ ते ८० मिलिमीटर कंबर गुडघ्याला सर्वांत मानवते. दिवसाचा काही भाग मऊ बर्फात जात असेल तर ८५-८८ पर्यंत जावे. ९५ च्या पुढची स्की कितीही हलकी असली तरी कडक बर्फावर गुडघ्याला महाग पडते. आजकालच्या बऱ्याच हलक्या स्की याच रुंद गटात मोडतात, आणि विकणारा वजनाचा आकडा दाखवून त्याच पुढे करतो, म्हणून ही सूचना.

लांबी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान ठेवावी. लहान स्कीचे मागचे टोक आखूड असते, म्हणजे वर सांगितलेली तरफही आखूड होते. याच्याही खाली जाऊ नये. फार आखूड स्की वेगात डळमळते आणि मागे कललात तर आधार देत नाही.

वळणाची त्रिज्या (स्कीच्या कडेच्या वक्रतेवरून ठरणारी) १३ ते १६ मीटर असावी. ११-१२ मीटरच्या स्लॅलम (जवळजवळच्या खांबांमधून वळत जाण्याची शर्यत) धाटणीच्या स्की कडेवर आल्या की स्वतःहून झपकन आत वळतात, आणि पाय त्या वेळी तयार नसेल तर गुडघा पिळला जातो. स्पर्धेतही हा प्रश्न ओळखला गेला आहे: महासंघाने पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीची किमान त्रिज्या २०१२-१३ च्या हंगामात दुखापती कमी करण्यासाठी २७ वरून ३५ मीटर केली, आणि पुढे २०१७-१८ मध्ये ती ३० वर आणली.

पुढचे टोक थोडे आधीपासून उचललेले असले की वळण अलगद सुरू होते. मागच्या टोकाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. ते सपाट, ताठ आणि रुंद असेल तर वळण संपवताना स्की सोडत नाही. किंचित गोलसर व थोडे उचललेले असेल तर बाजूला घसरवून वळणातून बाहेर पडता येते. एसीएलच्या रुग्णासाठी ही एक गोष्ट शंभर ग्रॅमपेक्षा मोलाची आहे. ताठपणा मऊ ते मध्यम निवडावा. महिलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालिकांमध्ये नेमक्या अशा हलक्या, मध्यम ताठपणाच्या स्की भरपूर असतात, आणि कमी वजनाच्या पुरुषांनी केवळ रंगामुळे त्या नाकारू नयेत.

पायरी ७: कडा आणि तळ

नवी स्की दुकानातून थेट उतारावर नेऊ नये. तळावर आडवी सरळ पट्टी ठेवून ती उजेडासमोर धरावी. पट्टी दोन्ही कडांवर टेकून मध्ये उजेडाची फट दिसत असेल, तर कडा तळापेक्षा उंच आहेत. अशी स्की रुळावर चालल्यासारखी वागते, कडेवरून सुटायला नकार देते, आणि दोष गुडघ्याला दिला जातो. तळ सपाट करून घ्यावा, कडेचा तळाकडचा उतार १ अंश ठेवावा, बाजूचा कोन ८९ किंवा ८८ अंश. तळाकडच्या त्या १ अंशामुळे स्की जरा उशिरा पकडते. टोकांजवळच्या काही सेंटिमीटर कडा हलकेच बोथट करून घेतल्या तरी चालते. पायाखालची धार मात्र कायम असावी. बर्फाळ उतारावर पकडच नसेल तर मांड्या आवळून उभे राहावे लागते आणि गुडघा त्यानेही दुखतो.

पायरी ८: भाड्याने घेऊन पारख

दोन स्की निवडून एकाच दिवशी, एकाच उतारावर, स्वतःच्याच बुटात वापरून पाहाव्यात. बाइंडिंगचे सेटिंग दोन्हींवर स्वतंत्रपणे करून घ्यावे. भाड्याच्या स्कीवर सरकते बाइंडिंग असते, त्यामुळे ती विकतच्या स्कीपेक्षा जड लागेल, हे ध्यानात ठेवावे; तुलना एकमेकींशी करावी, जुन्या स्कीशी नाही. सकाळच्या गुळगुळीत बर्फावर जवळजवळ प्रत्येक स्की छान वाटते. खरी परीक्षा दुपारी, पाय थकलेले आणि बर्फ उखडलेले असताना घ्यावी.

तेव्हा वेग कमी ठेवून आधी दोन्ही बाजूंना तिरके घसरून पाहावे: कडा मध्येच अडकते का? मग सावकाश मोठी वळणे घ्यावीत आणि वळण सुरू करायला गुडघा आत ढकलावा लागतो का, ते पाहावे. मग सपाट वाटेवर सरळ घसरताना स्की इकडेतिकडे भटकते का, ते पाहावे. अखेर लिफ्टवर बसल्यावर कोणता पाय आधी अवघडतो, याकडे लक्ष द्यावे. निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा काय सांगतो, सूज आहे का, हे पाहूनच स्की ठरवावी. थंडीत आणि उत्साहाच्या भरात दुखणे झाकले जाते.

पायरी ९: बसवणे आणि पुढची काळजी

बाइंडिंग निर्मात्याच्या मधल्या खुणेवर बसवावे. वळण सुरू करणे जड जात असेल तर एक सेंटिमीटर पुढे घेता येते, त्याने मागचे टोक लांब होते हे विसरू नये. लिगामेंटची तक्रार असलेल्याने खूण सोडू नये. ब्रेकची, म्हणजे सुटलेल्या स्कीला बर्फात अडवणाऱ्या बाइंडिंगच्या दांड्यांची, रुंदी कंबरेइतकी किंवा तिच्याहून १५ मिलिमीटरपर्यंत जास्त असावी. त्याहून रुंद ब्रेक शेजारच्या स्कीत अडकतो.

स्की गाडीच्या टपावरून नेताना बाइंडिंगवर आवरण घालावे, कारण रस्त्यावरचे मीठ आणि चिखल यंत्रणेत शिरले की सुटण्याचा जोर बदलतो. यंत्रावरची चाचणी दर हंगामाच्या सुरुवातीला करून घ्यावी. नवे बूट घेतले, वजनात मोठा फरक पडला, वयाची पन्नाशी ओलांडली किंवा गुडघ्यावर नवी शस्त्रक्रिया झाली, तर हंगाम मध्यावर असला तरी सेटिंग पुन्हा काढून घ्यावे, आणि चाचणीचा जुना कागद सोबत न्यावा, म्हणजे बदल कशामुळे झाला हे तंत्रज्ञाला लगेच कळते.